स्तन काढल्यावर स्वतःकडे पाहवत नाही, तेव्हा

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आठ महिन्यांपूर्वी तुमचा डावा स्तन काढला. केमो झाली, रेडिएशन झालं, आता रोजची टॅमॉक्सिफेनची, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून हॉर्मोनचा परिणाम रोखणारी गोळी चालू आहे. रिपोर्ट चांगले आहेत. पण तुम्ही अजून एकदाही स्वतःला आरशात पाहिलेलं नाही. आंघोळ दिवा बंद करून करता. नवऱ्यासमोर कपडे बदलत नाही. नऊ वर्षांची मुलगी मिठी मारायला आली की तिला उजवीकडे वळवता. घरचे म्हणतात, 'जीव वाचला ना, आणखी काय हवं?' आणि मग तुम्हालाच वाटतं की आपण कृतघ्न आहोत. तुम्ही विचारलंय की हे नॉर्मल आहे का, मानसशास्त्रज्ञाकडे जावं का, आणि रिकन्स्ट्रक्शन (शस्त्रक्रियेने स्तन पुन्हा घडवणं) केलं की हे संपेल का.

मी बावीस वर्षं कॅन्सरच्या रुग्णांबरोबर मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका स्तनाच्या कॅन्सरच्या. तुमची दिवा बंद करून आंघोळ करण्याची गोष्ट मी इतक्या जणींकडून ऐकली आहे, की हल्ली पहिल्या भेटीत मीच विचारते, 'आंघोळीला दिवा लावता का?' बऱ्याच जणींना त्या प्रश्नावरच रडू फुटतं, कारण हे असं कुणाचं होत असेल असं त्यांना वाटलेलंच नसतं. 2001 साली पेनी हॉपवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या रुग्णांना आपल्या शरीराबद्दल काय वाटतं हे समजण्यासाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. ती आज जगभर वापरतात. त्या दहांतला एक प्रश्न साधारण असा आहे: कपड्यांशिवाय स्वतःकडे पाहणं तुम्हाला जड जातं का? तुमची अडचण दुर्मीळ असती तर या प्रश्नाला त्या यादीत जागा मिळाली नसती.

आता 'जीव वाचला ना' या वाक्याबद्दल. ते म्हणणारी माणसं वाईट नसतात. तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये होतात तेव्हा तीही बाहेर जीव मुठीत धरून बसली होती. ती भीती त्यांना आता मागे टाकायची आहे आणि तुमचं रडणं ती पुन्हा समोर आणून ठेवतं. पण ऐकणाऱ्या बाईला त्या वाक्यातून एवढंच कळतं की हा विषय आता बंद. माझ्याकडूनही हे झालं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंना मी म्हटलं होतं, 'कपड्यांतून तर काही कळतसुद्धा नाही हो.' त्या हसल्या, आणि पुढच्या वेळी आल्या नाहीत. लोकांना काय दिसतं हा त्यांचा प्रश्न नव्हताच. रोज सकाळी स्वतःला काय जाणवतं ते त्या सांगत होत्या, आणि मी त्यांचं बोलणं तोडलं. ते वाक्य मी परत कुणालाही म्हटलेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण 'आपण उगाच दिसण्याचं कौतुक करतोय' असं तुमच्या मनात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही (लसीका ग्रंथी) काढत. पुढची पाऊणशे वर्षं बहुतेक बायकांवर तीच शस्त्रक्रिया झाली. मग 1970 च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी चाचण्या सुरू केल्या: फक्त गाठ काढून स्तन राखला आणि रेडिएशन दिलं, तर बायका तेवढ्याच जगतात का? वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल 2002 मध्ये आले. आयुर्मानात फरक नव्हता. एवढी वर्षं, एवढ्या बायका आणि एवढे सर्जन हा प्रश्न सोडवण्यात गुंतले, कारण स्तन राहणं किंवा जाणं ही बाईच्या आयुष्यातली मोठी बाब आहे हे त्यांनी मान्य केलं होतं. मग तुम्हाला ते वाटलं तर त्यात चूक काय? (तुमच्या बाबतीत स्तन का राखता आला नाही, हे एकदा सर्जनना सरळ विचारा. कॅन्सरच्या गाठी एकाहून जास्त जागी असणं, गाठ स्तनाच्या मानाने मोठी असणं, अशी कारणं असतात. ते कळलं नाही तर 'मी लवकर गेले असते तर' हा विचार वर्षानुवर्षं कुरतडत राहतो.)

आणि बदल फक्त दिसण्यात झालेला नाही. काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना नेणारी नस बऱ्याचदा दुखावते किंवा तुटते, म्हणून तिथे बधिर वाटतं, मुंग्या येतात, कधी नुसता कपडा घासला तरी आग होते. छातीच्या कातडीचंही तसंच. काही जणींना नसलेल्या स्तनाला खाज सुटते, तो जड झाल्यासारखा वाटतो. वेड लागलंय असं कुणी म्हणेल या भीतीने त्या हे सांगत नाहीत. मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो त्यात तो अवयव अजून आहे, एवढाच याचा अर्थ. वेदना तीन महिन्यांनंतरही टिकून असेल तर मात्र सहन करत बसू नका. त्या दुखण्यावर वेगळी औषधं आणि फिजिओथेरपी आहे. शिवाय केमोने गेलेल्या भुवया आणि पापण्या, वाढलेलं वजन, अचानक थांबलेली पाळी, रात्री अंगातून निघणाऱ्या वाफा. केस परत येताना कधी वेगळ्याच पोताचे, कुरळे येतात, आणि आरशातला चेहराही ओळखीचा राहत नाही. वर्षभरात इतकं सगळं बदललं तर शरीर परकं वाटणारच.

मग सुरुवात कुठून करायची? बहुतेक ठिकाणी 'आरशासमोर उभं राहा' असं सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. मी बायकांना आधी हात लावायला सांगते, पाहायला नंतर. डोळे लगेच तुलना करतात, पूर्वी कसं होतं ते आठवतात. हाताला फक्त कळतं: इथे गरम, इथे मऊ, इथे ताठ.

एक शिक्षिका माझ्याकडे येत असत. शस्त्रक्रियेला सव्वा वर्ष झालं होतं. त्या दिवशी खोलीत त्या, मी आणि आमची नर्स, एवढ्याच होतो. त्यांनी टॉवेल हनुवटीखाली धरला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं एक बोट छातीच्या मधोमध ठेवलं. मग व्रणावरून काखेकडे सरकवत नेलं, अगदी सावकाश. 'इथे माझं बोट मला कळतंय. इथे नाही. इथे परत कळतंय.' काखेजवळ पोचल्यावर बोट थांबलं आणि त्या थरथरायला लागल्या. तिथे कातडीची जाडसर घडी होती. आंघोळ करताना ती कधीतरी हाताला लागली होती, आणि कॅन्सर परत आलाय असं धरून त्या कित्येक महिने गप्प होत्या. तपासणीत डॉक्टर काही बोलत नाहीत म्हणजे लपवताहेत, अशी त्यांची खात्री झाली होती. नर्सने हात लावून पाहिलं आणि सांगितलं की टाके घालताना टोकाला कातडी उरते, तिची ही दुमड आहे, खटकत असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने सरळ करता येते. त्याच दिवशी सर्जनकडूनही खात्री करून घेतली. पण त्याआधी, तिथेच बसल्या बसल्या, बाईंनी डोळे उघडून खाली पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, 'माझ्या मनात होतं ते याच्याहून खूप मोठं होतं.'

म्हणून तुम्हीही आधी कपड्यांवरून तळहात ठेवा, दिवसातून एकदा, दोन मिनिटं. त्याची सवय झाली की आंघोळीनंतर साध्या मॉइश्चरायझरने व्रणाभोवती हात फिरवा. जखम पूर्ण भरली असेल तर व्रणाचा मसाज फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. त्याने कातडी मोकळी होते आणि हात वर नेताना ओढ कमी बसते. मग पाहणं. पूर्ण उंचीचा आरसा नको. लहान आरसा घ्या, त्यात आधी चेहरा, मान, खांदा. दुसऱ्या दिवशी जरा खाली. जे दिसतं ते साध्या शब्दांत मोठ्याने म्हणा: 'व्रण आडवा आहे. रंग गुलाबी आहे. एका टोकाला जाड आहे.' 'भयानक', 'विद्रूप' हे शब्द आले तर ते मत आहे हे ओळखा आणि पुन्हा वर्णनाकडे या. धडधड वाढेल. ती वाढलेली असतानाच तोंड फिरवू नका, थोडं थांबा, ती आपोआप उतरते. ती शिगेला असताना पळून गेलात तर मन एवढंच शिकतं की पळाल्याने सुटका होते. रात्री थकलेल्या असताना हे करू नका. आणि लक्षात असू द्या, व्रण निवायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. आज दिसतोय तसा तो राहणार नाही.

पाहण्याला वैद्यकीय कारणही आहे. व्रणावर किंवा आसपास नवीन गाठ, पुरळ, न भरणारी जखम, हाताला सूज किंवा जडपणा हे लवकर दिसलं तर उपचार सोपे होतात. हाताची सूज तर सुरुवातीलाच फिजिओथेरपिस्टला दाखवायला हवी. अंधारात आंघोळ करणाऱ्या बाईला यातलं काहीच दिसत नाही, आणि न दिसल्यामुळे भीती कमीही होत नाही.

लिहिण्याचा एक प्रयोगही करून पाहा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2018 मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायकांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात बायकांना शरीराबद्दल वाईट वाटलेला एक प्रसंग लिहायला सांगितला, आणि मग त्याच प्रसंगाबद्दल स्वतःशी मायेने बोलत लिहायला सांगितलं, जिवाभावाच्या मैत्रिणीला लिहावं तसं. एवढ्याशा लिखाणानेही शरीराबद्दलचा त्रास कमी झालेला दिसला. मी हे हल्ली बऱ्याच जणींना देते. पहिला अर्धा भाग सगळ्यांना भराभर सुचतो, दुसऱ्याला पेन अडतं. अडलं तर अडू द्या, उठू नका.

तुमच्या नवऱ्याने म्हटलं, 'मला काही फरक पडत नाही.' त्यांच्या मनात प्रेम आहे, पण तुमच्यापर्यंत पोचतं ते 'तुझं जे गेलं त्याचं काही नाही.' त्यांना सांगा की फरक पडलाय हे आधी दोघांनी मान्य करू या. त्यांनाही भीती आहे. मी ज्या नवऱ्यांशी बोलते त्यांच्यातले बरेच जण सांगतात की हात लावला तर दुखेल, किंवा ती रडेल, म्हणून ते लांब राहतात. बायको त्याचा अर्थ लावते की त्याला किळस येते. दोघं एकमेकांना जपतात आणि अंथरुणात मधे हातभर जागा राहते. एका संध्याकाळी कपडे अंगावर असतानाच त्यांचा हात धरून दाखवा: इथे दुखतं, इथे कळत नाही, इथे चालेल. तुम्ही तयार झालात की व्रण दाखवा, त्यांच्या घाईने नको. तोवर अंगात काही घालून जवळ आलात तरी त्यात कमीपणा नाही.

शरीरसंबंधांतली कोरड आणि वेदना बहुतेकदा औषधांमुळे आणि अचानक आलेल्या रजोनिवृत्तीमुळे असते, मनात कमी असल्यामुळे नाही. हॉर्मोन नसलेलं योनीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा आणि संबंधांच्या वेळी वंगण, याने पुष्कळ फरक पडतो. हॉर्मोनचं क्रीम मात्र ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय लावू नका. आणि त्रासामुळे टॅमॉक्सिफेनची गोळी परस्पर बंद करू नका. ज्या दिवशी बंद करावीशी वाटेल त्याच दिवशी फोन करा, पर्याय असतात.

रिकन्स्ट्रक्शन केलं की हे संपेल का? काही अंशी. कपडे बसतात, रोजचं लपवणं थांबतं, आणि बऱ्याच जणी त्यावर मनापासून समाधानी असतात. पण नवीन स्तनाला आधीसारखी संवेदना क्वचितच येते. एकापेक्षा जास्त शस्त्रक्रिया लागू शकतात. तुमचं रेडिएशन झालंय, त्यामुळे इम्प्लांटभोवती (आत बसवलेल्या कृत्रिम स्तनाभोवती) कडकपणा येण्याचा धोका जास्त आहे. अशा वेळी सर्जन बऱ्याचदा पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींपासून स्तन करण्याचा विचार करतात. तो निर्णय काही वर्षांनीही घेता येतो, त्यामुळे घाई नको. आत्ता ज्या शरीराकडे पाहवत नाही त्याच्यापासून सुटका म्हणून घेतलेला निर्णय मला चिंतेचा वाटतो. ज्यांनी आधी व्रण पाहिलेला असतो त्या सर्जनशी जास्त नेमकं बोलतात, आणि निकालावर जास्त खूश असतात असं मी पाहत आले आहे. कृत्रिम स्तन ब्रामध्ये घालणं हा साधा पर्याय आहे. जखम भरेपर्यंत हलका कापडी, मग वजनाचा सिलिकॉनचा. मोठा स्तन एका बाजूने गेला असेल तर या कृत्रिम स्तनाच्या वजनामुळे खांदा आणि पाठही बरी राहते. आणि काहीच न करता सपाट राहणं हाही पूर्ण निर्णय आहे. नीट सपाट छाती करून देणं हा शस्त्रक्रियेचा एक प्रकार म्हणून आता ओळखला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने 2020 मध्ये त्यासाठीची संज्ञा आपल्या शब्दकोशात घातली.

मानसशास्त्रज्ञाकडे जावं का, याला माझं उत्तर हो आहे, आणि ते वेड्यांसाठी असतं हा विचार कृपा करून सोडा. मानसिक ऑन्कोलॉजी, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांच्या मनाची काळजी घेणारी, ही स्वतंत्र शाखा आहे. जिमी हॉलंड यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तिचा पाया घातला, आणि आज बऱ्याच कॅन्सर रुग्णालयांत त्रास मोजण्यासाठी शून्य ते दहाची साधी पट्टी वापरतात. गेल्या आठवड्याचा त्रास त्यावर चार किंवा जास्त असेल तर पुढे चौकशी करायची असते. तुम्ही स्वतःला किती द्याल? दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस नसेल, झोप उडाली असेल, तपासणीची तारीख चुकवत असाल, तर वाट पाहू नका. जगणं नको असं वाटलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि तातडीच्या विभागात जा.

मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याची गोळी सुचवली तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिनसारख्या काही गोळ्या यकृतातलं जे एन्झाइम टॅमॉक्सिफेनला कामाच्या रूपात आणतं त्यालाच अडवतात. व्हेन्लाफॅक्सिनसारखे पर्याय आहेत, त्याने अंगातल्या वाफाही कमी होतात.

आणि 'सकारात्मक राहा, नाहीतर कॅन्सर परत येईल' असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या 1989 च्या अभ्यासात गटउपचार घेतलेल्या बायका जास्त जगल्या असं दिसलं होतं. पुढे 2001 मध्ये कॅनडातल्या आणि 2007 मध्ये खुद्द स्पीगल यांच्याच मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाचा त्रास मात्र कमी झाला, आणि तेवढ्यासाठी गटात जाणं मोलाचं आहे. याच वाटेने गेलेल्या बाईशी बोलण्याने जे होतं ते माझ्याने होत नाही. तुम्ही रडलात म्हणून आजार परतत नाही. रडा.

राहता राहिली तुमची मुलगी. मुलांना आपण सांगतो त्याहून जास्त कळतं, आणि न सांगितलेल्या जागी ती स्वतःची गोष्ट रचतात. या वयाच्या मुलांच्या गोष्टीत बहुधा तीन भीती असतात: आई मरेल का, हे मला होईल का, आणि हे माझ्यामुळे झालं का. तिला बसवून साध्या शब्दांत सांगा की कॅन्सरची गाठ होती म्हणून डॉक्टरांनी ती बाजू काढली, तिच्या वागण्यामुळे हे झालं नाही, आणि मिठीने ते लागत नाही. लहान मुलांना हा आजार होत नाही, मोठेपणी काय काळजी घ्यायची ते डॉक्टर सांगतील, हेही सांगा. तिने पाहू का विचारलं आणि तुम्ही तयार नसाल तर म्हणा, 'अजून नाही, पण मी दाखवेन.' डावीकडे दुखत असेल तर तेही सांगा, म्हणजे तिला वाटणार नाही की आई आपल्याला ढकलते. आणि मग मधे एक मऊ उशी धरून तिला डाव्या बाजूला घ्या.